कार्ल्सरूहेचा निकाल : पश्चिम जर्मनीतील कम्युनिस्ट पक्षावरील बंदी, १९५६

१७ ऑगस्ट १९५६ रोजी पश्चिम जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयाने जर्मन कम्युनिस्ट पक्ष, म्हणजेच केपीडी, घटनाविरोधी असल्याचे जाहीर करून तो विसर्जित केला, त्याची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश दिला आणि त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही संघटनेला आगाऊच मनाई केली. त्या दिवशी या पक्षाचा एकही सदस्य मध्यवर्ती संसदेत नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत त्याला जेमतेम २.२ टक्के मते पडली होती. याच सुमारास फ्रान्स आणि इटलीतले कम्युनिस्ट पक्ष मतदारांच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याचा पाठिंबा घेऊन उजळ माथ्याने संसदेत बसत होते. पक्ष जिथे प्रबळ होता तिथे तो कायदेशीर राहिला आणि जिथे तो मोडकळीस आला होता तिथे त्याच्यावर बंदी आली, या विसंगतीचा उलगडा पक्षाच्या बळाकडे पाहून होत नाही. त्यासाठी नव्या जर्मन राज्याची आठवण, त्याची सरहद्द आणि त्याच्या सरकारची गरज या तिन्हींकडे पाहावे लागते.

पक्षाचा जन्म १९१८ सालच्या अखेरीस, पहिल्या महायुद्धातील पराभवानंतरच्या धामधुमीत बर्लिनमध्ये झाला. स्थापना परिषद १ जानेवारी १९१९ रोजी संपली आणि १५ जानेवारीला पक्षाचे दोन प्रमुख नेते, रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त, निमलष्करी तुकडीच्या हातून मारले गेले. या हत्यांच्या काळात सरकार सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, आणि डाव्या चळवळीच्या या दोन शाखांमध्ये तेव्हा पडलेली तेढ पुढे कधीच बुजली नाही. १९२५ पासून एर्न्स्ट टेलमान यांच्या नेतृत्वाखाली पक्ष मॉस्कोच्या धोरणाला पूर्णपणे बांधला गेला. त्याच वेळी तो बेकारांचा आणि बर्लिन, हॅम्बुर्ग, ऱ्हूर खोऱ्यातील कामगार वस्त्यांचा पक्ष म्हणून वाढतही गेला. या काळात बर्लिनमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही त्याने ओढून घेतले. पनवेलचे गंगाधर अधिकारी रसायनशास्त्रातील डॉक्टरेटसाठी तिथे असताना याच पक्षात आले, १९२८ च्या अखेरीस मुंबईला परतले आणि काही महिन्यांतच मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. मराठी वाचकांना ज्ञात असलेल्या कम्युनिस्ट परंपरेचा एक धागा असा थेट वायमार जर्मनीपर्यंत जातो.

नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत पक्षाला ६० लाखांच्या आसपास मते आणि १०० जागा मिळाल्या. मात्र सोशल डेमोक्रॅट हेच मुख्य शत्रू आहेत, ते ‘सामाजिक फॅसिस्ट’ आहेत, ही मॉस्कोहून आलेली मांडणी पक्षाने अखेरपर्यंत सोडली नाही आणि हिटलरविरोधी एकजुटीची जी थोडीफार शक्यता होती ती दोन्ही बाजूंच्या अहंकारात वाया गेली. फेब्रुवारी १९३३ मध्ये संसद भवनाला आग लागली, तिचे निमित्त करून कम्युनिस्टांची धरपकड झाली आणि मार्चच्या निवडणुकीत त्यांनी जिंकलेल्या ८१ जागा नाझी सरकारने रद्दच करून टाकल्या. टेलमान यांना अकरा वर्षे कोठडीत ठेवून ऑगस्ट १९४४ मध्ये बुखनवाल्ड छळछावणीत गोळी घालण्यात आली. त्या बारा वर्षांत या पक्षाने आपली हजारो माणसे गमावली आणि युद्ध संपले तेव्हा हिटलरला झालेल्या विरोधाचा मोठा वाटा आपला आहे, असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या वाचलेल्या कार्यकर्त्यांना निश्चितच होता.

या अधिकाराचे भांडवल पहिली दोन-तीन वर्षे पुरले. जून १९४५ मध्ये रशियन ताब्यातील प्रदेशात पक्ष पुन्हा उघडपणे उभा राहिला आणि पाठोपाठ ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच विभागांतही त्याला परवाने मिळाले. ऱ्हूरच्या कोळसा खाणींत आणि पोलाद कारखान्यांत कामगार समित्यांवर कम्युनिस्ट निवडून येत होते. एसेन या क्रुप कारखान्याच्या शहरात ब्रिटिशांनी १९४६ साली हाइन्झ रेनर या कम्युनिस्टाला महापौर नेमले; त्याच वर्षी त्याच्या जागी आलेले गुस्टाफ हाइनेमान हे ख्रिश्चन डेमोक्रॅट होते, आणि त्यांचे नाव या हकिगतीत पुन्हा येणार आहे. १९४७ च्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत पक्षाला १४ टक्के मते पडली आणि राज्याच्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट मंत्री बसले. उद्ध्वस्त शहरांत घरे, कोळसा आणि शिधा यांची व्यवस्था लावण्याच्या कामात त्यांनी इतर पक्षांच्या बरोबरीने हात घातला.

उतरणीची कारणे देशाबाहेर होती तशी पक्षाच्या आतही होती. एप्रिल १९४६ मध्ये रशियन विभागात केपीडी आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्ष यांचे बळजबरीने विलीनीकरण होऊन एसईडी, म्हणजे जर्मन समाजवादी एकता पक्ष, तयार झाला. पश्चिमेकडील केपीडी नावाने वेगळी राहिली तरी पैसा, धोरण आणि माणसांच्या नेमणुका पूर्व बर्लिनमधून होऊ लागल्या. पूर्वेकडून पळून आलेल्या आणि पोलंड-चेकोस्लोव्हाकियातून हाकलल्या गेलेल्या लाखो निर्वासितांनी पश्चिमेत पाय ठेवला तो रशियन सैन्याच्या आठवणी घेऊन. १९४८ मध्ये नवे चलन आले, दुकाने भरली, आणि त्याच सुमारास स्टालिनने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. आपण उपाशी शहराच्या बाजूचे की नाकेबंदी करणाऱ्यांच्या, या प्रश्नाला पश्चिमेकडील कम्युनिस्टांजवळ मतदारांना पटेल असे उत्तर नव्हते.

अशा वेळी पश्चिम जर्मनीची घटना तयार झाली. तिला मुद्दामच घटना न म्हणता ‘मूलभूत कायदा’ म्हटले गेले, कारण देश एक होईपर्यंतची ती तात्पुरती सोय मानली जात होती. बॉन येथे ती लिहिणाऱ्या ६५ सदस्यांच्या परिषदेत दोन कम्युनिस्ट होते, पक्षाध्यक्ष माक्स रायमान आणि हाइन्झ रेनर. २३ मे १९४९ रोजी सह्या करण्याची वेळ आली तेव्हा रेनर यांनी जर्मनीच्या फाळणीवर आपण सही करणार नाही असे सांगून नकार दिला. नंतरच्या न्यायालयीन लढाईत हा नकार वारंवार उगाळला गेला. पण मूलभूत अधिकारांची, विशेषतः सामाजिक हक्कांची, कलमे घडत असताना या दोघांनी चर्चेत नेटाने भाग घेतला होता, हेही विसरता येत नाही.

या कायद्याच्या २१ व्या कलमात पुढच्या सगळ्या प्रकरणाचे बीज आहे. राजकीय पक्ष लोकमत घडवण्यात सहभागी असतात आणि ते मोकळेपणाने स्थापन करता येतात, असे सांगून झाल्यावर त्याचा दुसरा परिच्छेद म्हणतो की जे पक्ष आपल्या उद्दिष्टांमुळे किंवा अनुयायांच्या वर्तनामुळे मुक्त लोकशाहीची मूलभूत व्यवस्था बिघडवू किंवा मोडू पाहतात, अथवा संघराज्याच्या अस्तित्वालाच धोका आणतात, ते घटनाविरोधी होत आणि त्याचा निर्णय फक्त घटना न्यायालयाने करायचा. वायमार प्रजासत्ताकाने आपल्या शत्रूंना आपलीच दारे उघडी ठेवली आणि ते त्या दारांतून आत येऊन घर ताब्यात घेते झाले, अशी त्या पिढीची ठाम समजूत होती. दुधाने तोंड पोळलेल्यांनी ताक फुंकून प्यावे तशी ही तरतूद आली. स्वतःच्या रक्षणासाठी हातात शस्त्र घेणाऱ्या लोकशाहीला ‘लढाऊ लोकशाही’ म्हणण्याची कल्पना हिटलरच्या राजवटीतून परागंदा झालेले कायदेपंडित कार्ल लोव्हेनश्टाइन यांनी १९३७ मध्येच मांडली होती. त्याच कलमातून ‘पक्षविशेषाधिकार’ नावाचे दुसरे तत्त्व निघाले: न्यायालय निकाल देत नाही तोवर कोणत्याही पक्षाला घटनाविरोधी समजून वागवता येणार नाही. बंदीचा अधिकार मंत्रिमंडळाच्या हातातून काढून न्यायाधीशांकडे देण्यामागे १९३३ चीच आठवण होती. भारतातील अनुभवाशी याची तुलना उद्बोधक आहे, कारण १९३४ मध्ये ब्रिटिश सरकारने आणि १९४८ मध्ये स्वतंत्र भारतातील पश्चिम बंगालच्या सरकारने कम्युनिस्ट पक्षावर घातलेल्या बंद्या निव्वळ कार्यकारी हुकमाने घातल्या गेल्या होत्या.

ऑगस्ट १९४९ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत केपीडीला ५.७ टक्के मते मिळून संसदेत १५ जागा मिळाल्या. त्यानंतरच्या दोन वर्षांत पक्षाने स्वतःचे जितके नुकसान करून घेतले तितके कोणत्याही सरकारला करता आले नसते. उपाध्यक्ष आणि संसद सदस्य कुर्ट म्युलर यांना मार्च १९५० मध्ये चर्चेच्या बहाण्याने पूर्व बर्लिनला बोलावून तिथेच अटक करण्यात आली. नाझी काळात झाक्सेनहाउझेनच्या छावणीत राहून आलेला हा माणूस आता स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या तुरुंगात हेर आणि ट्रॉट्स्कीवादी ठरला. त्याच्या नावाने संसद सदस्यत्वाचा राजीनामा बॉनला पोहोचला तेव्हा संसदेच्या अध्यक्षांनी तो स्वीकारायला नकार दिला. सोव्हिएत शिक्षेवर गेलेले म्युलर ऑक्टोबर १९५५ मध्ये परत आले. मार्च १९५१ चे पक्ष अधिवेशन कागदोपत्री म्युनिकचे होते, प्रत्यक्षात ते पूर्व जर्मनीतील वायमार येथे भरवण्यात आले. तिथे मंजूर झालेल्या ठरावाच्या ३७ व्या मुद्द्यात कामगार संघटनांचे उजवे पुढारी अमेरिकन साम्राज्यवादाची चाकरी करतात असे म्हटले होते. त्यावर संघटनांनी आपल्या कम्युनिस्ट पदाधिकाऱ्यांपुढे या मुद्द्याशी संबंध नाही असे लिहून देण्याचे कागद ठेवले. ज्यांनी सही केली त्यांना पक्षाने काढले आणि ज्यांनी केली नाही त्यांना संघटनेने. कारखान्यातला पाया असा दोन्हीकडून उखडला गेला.

सरकारकडून कारवाईची सुरुवात न्यायालयात जाण्याआधीच झाली होती. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि दुभंगलेल्या दुसऱ्या एका देशात उत्तरेने दक्षिणेवर केलेली चढाई जर्मनांना आपल्याच भविष्याची चाहूल वाटली. सप्टेंबर १९५० मध्ये चॅन्सेलर कोनराड आडेनाउर यांच्या मंत्रिमंडळाने काही संघटनांची यादी काढली. त्यांच्याशी संबंध असलेल्यांना सरकारी नोकरीत राहता येणार नाही, असा तिचा अर्थ होता, आणि तीत केपीडी होती. पक्षविशेषाधिकाराचे तत्त्व लक्षात घेतले तर ही यादी घटनेच्या पहिल्याच कसोटीवर लंगडी पडत होती. जून १९५१ मध्ये ‘मुक्त जर्मन युवक’ या तरुणांच्या संघटनेवर पश्चिमेत सरकारने बंदी घातली, कारण ती संघटना होती, पक्ष नव्हता, आणि तिच्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नव्हती. त्याच उन्हाळ्यात राजद्रोहाच्या कलमांची व्याप्ती वाढवणारी फौजदारी दुरुस्ती संसदेने घाईघाईने मंजूर केली.

या सर्वांच्या मुळाशी पुन्हा शस्त्रे घेण्याचा प्रश्न होता. आडेनाउर यांना पश्चिमेच्या लष्करी आघाडीत जर्मन सैन्य हवे होते. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजातील मोठ्या वर्गाला ते नको होते, आणि हा विरोध कम्युनिस्टांपुरता मुळीच मर्यादित नव्हता. एसेनचे माजी महापौर हाइनेमान तेव्हा आडेनाउर यांचे गृहमंत्री होते. त्यांनी याच मुद्द्यावर ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा दिला. कम्युनिस्टांनी मात्र पुनर्शस्त्रीकरणाविरुद्ध देशभर लोकमत आजमावण्याची मोहीम सुरू केली आणि सरकारने १९५१ च्या वसंतात तिच्यावर बंदी घातली. ११ मे १९५२ रोजी एसेनमध्ये, निघण्याच्या आदल्या दिवशी मनाई झालेल्या युवक मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात म्युनिकचा २१ वर्षांचा कामगार फिलिप म्युलर ठार झाला. पुनर्शस्त्रीकरणाच्या विरोधाला बोल्शेविक कारस्थान ठरवणे सरकारला सोयीचे होते आणि तो विरोध आपल्या झेंड्याखाली दिसावा हे कम्युनिस्टांना हवे होते, त्यामुळे जे दोघांच्याही मधले होते त्यांची कोंडी झाली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पक्षाने ‘राष्ट्रीय पुनरेकीकरणाचा कार्यक्रम’ प्रसिद्ध केला आणि त्यात आडेनाउर राजवट क्रांतिकारक मार्गाने उलथून टाकण्याची हाक दिली. पुढच्या सुनावणीत सरकारी वकिलांना यापेक्षा सोयीचा पुरावा कोणी हाती दिला नसता.

बंदीचा अर्ज त्याआधी वर्षभर, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी न्यायालयात गेला होता. तो एकटा नव्हता. तीनच दिवस आधी सरकारने सोशलिस्ट राइश पक्ष या नव-नाझी पक्षाविरुद्धही अर्ज केला होता, ज्याने त्या वर्षीच्या लोअर सॅक्सनी राज्याच्या निवडणुकीत ११ टक्के मते घेतली होती. उजवा आणि डावा अशी जोडी लावल्याने सरकार निःपक्षपाती दिसणार होते. नव-नाझींचा निकाल लवकर, ऑक्टोबर १९५२ मध्ये लागला आणि त्यात ‘मुक्त लोकशाहीची मूलभूत व्यवस्था’ म्हणजे काय याची पहिली अधिकृत व्याख्या आली: मानवी हक्कांचा आदर, लोकांचे सार्वभौमत्व, सत्तांचे विभाजन, सरकारची जबाबदारी, कायद्यानुसार कारभार, न्यायालयांचे स्वातंत्र्य, अनेक पक्ष आणि विरोधी पक्षाला काम करण्याची संधी. कम्युनिस्टांच्या अर्जाचे मात्र भिजत घोंगडे पडले. सप्टेंबर १९५३ च्या निवडणुकीत पक्षाला ६ लाखांच्या वर मते पडली, पण देशभरातील मतांपैकी पाच टक्के मिळाल्याखेरीज जागा नाहीत हा उंबरठा आता देशपातळीवर लागू झाला होता, त्यामुळे त्याचे सगळे सदस्य संसदेबाहेर गेले. मतदारांनी जे काम तीन वर्षे आधी केले होते तेच न्यायालयाकडून पुन्हा करून घेणे हे वरातीमागून घोडे होते.

घटना न्यायालय तेव्हा अगदी नवे होते. बाडेनच्या जुन्या राजधानीत, कार्ल्सरूहेच्या प्रिन्स माक्स महालात त्याने १९५१ मध्ये बिऱ्हाड थाटले होते आणि त्याचा दरारा अजून बसायचा होता. पहिल्या पीठाचे प्रमुख आणि न्यायालयाचे अध्यक्ष योझेफ विंट्रिश यांना हा खटला मनापासून नकोसा होता असे दिसते; सुनावणी सुरू होण्यापूर्वी सरकारला अर्ज खरोखरच कायम ठेवायचा आहे का, याची त्यांनी चाचपणी केली आणि उत्तर ठाम होकाराचे आले. तोंडी सुनावणी २३ नोव्हेंबर १९५४ ला सुरू झाली आणि जुलै १९५५ पर्यंत तिचे ५१ दिवस झाले.

या ५१ दिवसांत जे घडले त्याला साधा खटला म्हणणे कठीण आहे. मार्क्स, एंगेल्स, लेनिन आणि स्टालिन यांच्या ग्रंथांतले उतारे वाचले गेले. कामगारवर्गाची हुकूमशाही म्हणजे बहुसंख्यांची सत्ता की एका पक्षाची, क्रांती आजचा कार्यक्रम आहे की इतिहासाचे भाकीत, यावर न्यायाधीशांपुढे दिवसेंदिवस वाद झाला. सरकारची बाजू गृहखात्याचे सचिव हान्स रिटर फॉन लेक्स मांडत होते आणि त्यांनी कम्युनिस्ट पक्षाला राष्ट्राच्या शरीरातील संसर्गाचे केंद्र म्हटले. हेच फॉन लेक्स मार्च १९३३ मध्ये बव्हेरियन पीपल्स पक्षाचे सदस्य होते आणि हिटलरला कायदे करण्याचे सर्वाधिकार देणाऱ्या विधेयकाला आपल्या पक्षाचा पाठिंबा त्यांनीच संसदेत जाहीर केला होता. समोरच्या बाकावर पूर्व बर्लिनचे वकील फ्रीड्रिश कार्ल काउल होते, जे नाझी छळछावणीतून सुटून परदेशी गेले आणि युद्धानंतर परतले. कम्युनिस्टांनी या विरोधाचा जमेल तितका लाभ उठवला. पण त्यांच्याच बाजूने बोलणारे पूर्व जर्मन प्राध्यापक हर्बर्ट क्र्योगर हे एके काळी नाझी पक्षाचे आणि एसएसचे सदस्य होते. त्या वर्षांतल्या जर्मनीत कोणत्याही बाकावर निर्मळ भूतकाळाची हमी देता येत नव्हती.

पक्षाचा मुख्य युक्तिवाद पुनरेकीकरणाचा होता. देश एक करण्याचे बंधन मूलभूत कायद्यानेच घातले आहे आणि पूर्वेत सत्तेवर असलेल्या पक्षाच्या पश्चिमेकडील भावंडावर बंदी घातली तर संपूर्ण जर्मनीत निवडणुका होणार कशा, असा तो प्रश्न होता. न्यायालयाने तो बाजूला सारला नाही, हे त्याच्या श्रेयाला जाते. पण त्याचे उत्तर निकालातच दिसले. सरकारने मात्र वाट पाहण्याची तयारी दाखवली नाही. पश्चिम जर्मनी १९५५ मध्ये नाटोत गेली होती, १९५६ च्या जुलैमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात घटना न्यायालयाच्या कायद्यातही एक दुरुस्ती मंजूर करण्यात आली. पहिल्या पीठाने ऑगस्टअखेरपर्यंत निकाल दिला नाही तर हे प्रकरण दुसऱ्या पीठाकडे जाईल, असा तिचा व्यवहारातला परिणाम होता, म्हणजे पाच वर्षांचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते. विधिमंडळाने न्यायालयाला थेट आदेश दिला नाही, पण न्यायाधीशांच्या टेबलावर घड्याळ आणून ठेवले. इतिहासकार योझेफ फोशेपोथ यांनी २०१७ च्या ग्रंथात सरकारी कागदपत्रांच्या आधारे दाखवले आहे की सरकार आणि न्यायालय यांच्यात प्रतिपक्षाच्या नकळत संपर्क चालू होता. तो आक्षेप स्वीकारला तर खटल्याच्या न्याय्यतेवरच बोट ठेवावे लागते.

मुदतीला दोन आठवडे उरले असताना निकाल आला. छापील ३०० हून अधिक पृष्ठांच्या या निकालपत्रात न्यायाधीशांनी पहिल्यांदा स्वतःलाच प्रश्न विचारला की मतस्वातंत्र्य हे ज्या घटनेचे मर्म आहे तिच्यात पक्षबंदीचे कलम शोभते का. आणि त्यांचे उत्तर असे की सर्व मतांना समान वाव देणे आणि काही मूल्ये अभंग मानणे यांचा मेळ घालण्याचा हा जाणीवपूर्वक प्रयत्न आहे. मार्क्सवादाच्या शास्त्रीय सिद्धान्ताचा अभ्यास करणे, तो शिकवणे याला आडकाठी नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. घटनेतील सर्वोच्च तत्त्वे कोणी नुसती अमान्य केली म्हणून तो पक्ष बंदीपात्र होत नाही, त्या व्यवस्थेविरुद्ध त्याची भूमिका सक्रिय, लढाऊ आणि आक्रमक असली पाहिजे. ही कसोटी उदार होती. पण तिला जोडूनच निकालाने सांगितले की पक्षाचे बेत नजीकच्या काळात सफल होण्याची कसलीही शक्यता नसली तरी त्याला घटनाविरोधी ठरवता येते. म्हणजे धोका सिद्ध करण्याची गरज नव्हती, हेतू पुरेसा होता. १९५२ चा कार्यक्रम हेतूच्या पुराव्यासाठी पुरून उरला. पुनरेकीकरणाच्या प्रश्नावर न्यायालयाने म्हटले की संपूर्ण जर्मनीत निवडणुका होण्याची वेळ आली तर ही बंदी कम्युनिस्ट पक्षाला पुन्हा परवानगी देण्याच्या आड येणार नाही.

निकालाचे वाचन झाले त्याच दिवशी पोलीस कार्यालयांवर धडकले. द्युसेलडॉर्फचे मध्यवर्ती कार्यालय, जिल्ह्याजिल्ह्यांतली कार्यालये, छापखाने यांना टाळे लागले आणि ‘फ्रायेस फोल्क’, ‘हाम्बुर्गर फोल्क्सत्साइटुंग’ यांसारखी पक्षाची दैनिके बंद झाली. त्याच संध्याकाळी पूर्व जर्मनीतून ‘जर्मन मुक्ती केंद्र ९०४’ या नावाचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. यावरून पूर्व बर्लिनने या निकालाची तयारी किती आधीपासून ठेवली होती हे दिसते, आणि पश्चिमेकडच्या आपल्या पक्षाची त्याला किती काळजी होती याबद्दल शंकाही येते. रायमान १९५४ पासूनच पूर्वेत राहत होते. युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे गेलेली तक्रार जुलै १९५७ मध्ये स्वीकारायोग्य नाही म्हणून फेटाळली गेली, कारण हक्कांचा वापर हक्क नष्ट करण्यासाठी करू पाहणाऱ्याला करारनाम्याचे संरक्षण मिळत नाही, असे आयोगाने मानले.

पक्ष संपवणे हा निकालाचा सोपा भाग होता; त्याचे खरे ओझे माणसांवर पडले. बंदी घातलेल्या पक्षाचे काम पुढे चालवणे हा गुन्हा झाल्यावर त्या पक्षाच्या मतांशी मिळतीजुळती मते बाळगणारा प्रत्येक जण संशयित ठरू शकत होता. अलेक्झांडर फॉन ब्र्युनेक या कायदेतज्ज्ञाच्या अंदाजानुसार १९५१ ते १९६८ या काळात कम्युनिस्टांविरुद्ध सव्वा लाखाच्या आसपास चौकशा झाल्या आणि शिक्षा झालेल्यांची संख्या ६ ते ७ हजारांच्या घरात होती. स्वतंत्र उमेदवार म्हणून निवडणुकीला उभे राहिलेले माजी कम्युनिस्टही यात आले, आणि पश्चिमेकडच्या कामगारांच्या मुलांना सुट्टीत पूर्व जर्मनीच्या शिबिरांना पाठवण्याची व्यवस्था करणारेसुद्धा. तिथे आजारी आणि गरीब घरच्या मुलांना काही आठवडे चांगले खायला मिळत असे, यापलीकडे त्या सहलींत अनेक आईबापांना काही दिसत नव्हते. सरकारी वकिलांना मात्र ते बंदी घातलेल्या पक्षाचे काम दिसले. अनेक ठिकाणी आरोपीच्या पिंजऱ्यात नाझी छावणीतून वाचून आलेला माणूस होता आणि न्यायासनावर नाझी राजवटीतही तेच काम केलेला न्यायाधीश. भरीस भर म्हणून १९५६ च्याच जूनमध्ये मंजूर झालेल्या नुकसानभरपाईच्या कायद्यात, मे १९४९ नंतर मुक्त लोकशाहीच्या व्यवस्थेविरुद्ध लढलेल्यांना नाझी अत्याचारांची भरपाई मिळणार नाही, अशी तरतूद होती. तिच्या आधाराने छावणीत काढलेल्या वर्षांचा मोबदला कम्युनिस्टांना नाकारला गेला. या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत कमी समर्थनीय म्हणावी लागते, कारण १९५६ चे मत कोणतेही असो, १९३६ ची जखम त्याने खोटी होत नाही.

न्यायालयाने स्वतः एकदा हात आखडला. बंदीपूर्वी पक्षासाठी केलेल्या कामाबद्दल लोकांना शिक्षा देणारे फौजदारी कलम पक्षविशेषाधिकाराशी विसंगत असल्याचे त्याने मार्च १९६१ मध्ये ठरवले आणि ते रद्द केले. निकालापूर्वीच तुरुंगात गेलेल्यांपैकी ज्यांची शिक्षा भोगून झाली होती त्यांना याचा फारसा उपयोग नव्हता. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या विधानसभेत बसलेले कम्युनिस्ट सदस्य योझेफ आंगेनफोर्ट यांना १९५५ मध्ये, म्हणजे पक्ष अजून पूर्णपणे कायदेशीर असताना, राजद्रोहाच्या तयारीबद्दल पाच वर्षांची सक्तमजुरी झाली होती.

गाठ सैल करण्याचे काम शेवटी एसेनच्या जुन्या महापौरांकडे आले. हाइनेमान मधल्या काळात आडेनाउर यांचा पक्ष सोडून सोशल डेमोक्रॅटांत आले होते, राजकीय खटल्यांत वकील म्हणून उभे राहिले होते, आणि १९६६ मध्ये न्यायमंत्री झाले. पूर्व युरोपशी संबंध सुधारू पाहणाऱ्या नव्या सरकारला आपल्या देशात कम्युनिस्टांना तुरुंगात टाकणे अडचणीचे झाले होते. १९६८ च्या सुधारणेने राजकीय गुन्ह्यांची कलमे बरीच छाटली गेली. त्याच जुलैमध्ये बंदी घातलेल्या पक्षाचे दोन प्रतिनिधी न्यायमंत्र्यांना भेटले तेव्हा, जुना निकाल मागे घेण्याची वाट कायद्यात नाही पण घटना मानणारा नवा पक्ष काढायला कोणाची हरकत नाही, असा मार्ग त्यांना सुचवला गेला. सप्टेंबर १९६८ मध्ये फ्रँकफुर्टला डीकेपी या नावाने तो स्थापन झाला. केपीडी या तीन अक्षरांची जागा तेवढी बदलली. पुढच्याच वर्षी रायमान पश्चिमेत परतले. जानेवारी १९७२ मध्ये, घटनेशी निष्ठा नसल्याचा संशय असलेल्यांना शिक्षक किंवा टपालखात्यातले कर्मचारी म्हणूनही घेऊ नये, असा निर्णय संघराज्य आणि राज्यांच्या प्रमुखांनी घेतला, तेव्हा त्याच्या कचाट्यात याच पक्षाचे तरुण सदस्य मोठ्या संख्येने आले. संसदेच्या निवडणुकीत डीकेपीला १९७२ आणि १९७६ अशा दोन्ही वेळी ०.३ टक्के मते पडली.

१९९० मध्ये देश एक झाला तरी १९५६ च्या निकालाला कोणी हात लावला नाही. त्यातील एका वाक्याला मात्र कार्ल्सरूहेच्याच न्यायाधीशांनी सहा दशकांनी फाटा दिला. एनपीडी या अतिउजव्या पक्षावरील बंदीचा अर्ज फेटाळताना जानेवारी २०१७ मध्ये न्यायालय म्हणाले की या पक्षाची उद्दिष्टे घटनाविरोधी आहेत, पण ती सफल होऊ शकतील असे मानायला पुरेसे ठोस आधार नसल्याने त्याच्यावर बंदी घालता येत नाही, आणि या मुद्द्यावर आपण कम्युनिस्ट पक्षाच्या खटल्यातील भूमिका सोडत आहोत, असेही त्याने नमूद केले. २.२ टक्के मतांचा, संसदेत एकही जागा नसलेला १९५६ मधला केपीडी या नव्या कसोटीवर बंदीपात्र ठरला असता असे मानणे अवघड आहे. त्या पक्षावरील बंदी मात्र कायद्याच्या दृष्टीने आजही लागू आहे.